करंगळीचा कारभार

मापसाहेबांच्या डाव्या हाताची करंगळी जन्मापासूनच जरा आखूड होती. पण हे त्यांना कळायला पन्नाशी जवळ यावी लागली. तोवर करंगळीशी त्यांचा फारसा संबंध आला नव्हता. शाळेत असताना ती वर केली की वर्गाबाहेर जायची परवानगी मिळे, आणि नोकरीला लागल्यावर कान खाजला तर ती उपयोगी पडे. या एवढ्याशा बोटापायी घरातलं गाणं बंद पडेल, वसाहतीत आपला उदोउदो होईल आणि त्या उदोउदोमुळेच तोंड लपवायची पाळी येईल, असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

मापसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून हिंडायचं, तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का आहे की नाही ते बघायचं आणि माप कमी भरलं की दंड ठोकायचा, हे त्यांचं काम. एकदा सख्ख्या मावसभावाकडे पोटभर जेवून, हात धुऊन, तोंड पुसून, ते खाली त्याच्या दुकानात उतरले आणि त्यालाच दंड करून आले. तो भाऊ अजून बोलत नाही. पण तेव्हापासून वसाहतीत भांडण झालं की लोक म्हणत, "मापसाहेबांना विचारा. तो माणूस खोटं बोलायचा नाही." हे ऐकून मापसाहेब मान खाली घालत, पण पूर्ण नाही.

असा माणूस बँडमध्ये बेस गिटार वाजवायला कसा लागला? तर दातवाल्या डॉक्टरांमुळे. हे त्यांचे जुने मित्र. त्यांना तरुणपणापासून गिटारचा नाद. त्यांनी एकदा सांगितलं, "बेस घे तू. चारच तारा असतात, आणि लोकांचं लक्षही नसतं." दोन्ही गोष्टी मापसाहेबांना सोयीच्या वाटल्या. ड्रमवर शाळेतले कवायत मास्तर होते. ते ड्रम असा वाजवत की ऐकणाऱ्याला उठून सरळ रांगेत उभं राहावंसं वाटे. आणि गायला मापसाहेबांची बायको. तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. खरं सांगायचं तर या बँडमध्ये गाणं म्हणण्यासारखं जे काही होतं ते वहिनींच्या गळ्यात होतं. बाकीचे तिघे आजूबाजूला खुर्च्या अडवून बसल्यासारखे.

तालीम डॉक्टरांच्या दवाखान्यात, सुटीच्या दिवशी. बाहेरच्या खोलीत, किडलेल्या दातांच्या मोठमोठ्या चित्रांखाली. एकदा दाढ ठणकणारा एक गृहस्थ गाल धरून दारापर्यंत आला, आतला आवाज त्याने क्षणभर ऐकला आणि तसाच परत गेला. स्वतःचं गाणं रचायची यांच्यात कुणाची छाती नव्हती. लोकांची गाजलेली गाणी जमतील तशी वाजवायची, एवढाच मामला.

तर झालं असं, की गावच्या वाचनालयाने नवं सभागृह बांधलं आणि उद्घाटनाला या बँडला बोलावलं. हुरळून जाऊन डॉक्टरांनी एक जुनं, सगळ्यांच्या तोंडी असलेलं गाणं निवडलं. गाणं उत्तमच होतं. फक्त त्याची सुरुवात एकट्या बेसने होती. गिटार गप्प, ड्रम गप्प, गाणारी गप्प, आणि बेसवाला एकटा सगळ्यांच्या देखत दुडक्या चालीने वर जातो, गिरकी घेतो आणि खाली येतो. लोकांचं लक्ष नसतं या आश्वासनावर जो माणूस या धंद्यात पडला, त्याच्यावर हा सरळसरळ अन्याय होता.

मापसाहेबांनी घरी बसून ती सुरुवात ऐकली आणि गिटार मांडीवर घेऊन बोटं लावून पाहिली. पहिलं बोट गिटारच्या अगदी वरच्या टोकाला, पहिल्या पडद्यावर, म्हणजे तारांखालच्या पहिल्या धातूच्या रेघेपाशी, दाबून ठेवायचं. ते उचलायचं नाही. आणि तेवढ्यात करंगळी पार पाचव्या पडद्यावर पोचवायची. पहिलं बोट जागेवर राही तेव्हा करंगळी चौथ्याच्या अलीकडे लोंबकळे. करंगळी पोचे तेव्हा पहिलं बोट सुटे आणि तार मांजराची शेपटी तुडवल्यासारखी ओरडे.

त्यांनी डॉक्टरांना आडून आडून विचारलं. डॉक्टर म्हणाले, "अरे, मग मधले सूर गाळ की! सगळे तसंच करतात. प्रत्येक ओळीच्या पहिल्या ठोक्याला मूळ सूर धरलास की झालं. बाकीचं ऐकणारा मनातल्या मनात भरून घेतो."

हा सल्ला सोन्यासारखा होता. तो मानला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मापसाहेबांचा स्वाभिमान आडवा आला. "डॉक्टर," ते गंभीरपणे म्हणाले, "पन्नास ग्रॅम साखर कमी भरली तर मी माणसाला दंड करतो. 'बाकीची गिऱ्हाईक मनातल्या मनात भरून घेतं' असं तो दुकानदार म्हणाला तर मी ऐकून घेईन का? सूर सगळे लागतील."

डॉक्टरांनी हात जोडले. मोठ्या तत्त्वापुढे लहान माणसाने गप्पच बसावं.

मग सुरू झाली करंगळीची कवायत. कोमट पाण्यात बुडवून ती ओढायची, रात्री झोपताना दोन बोटांत खोडरबर धरून ठेवायचं, ऑफिसात टेबलाखाली पट्टीला लावून ताणायची. एका वाण्याच्या दुकानात वजनं तपासता तपासता साहेबांची करंगळी सवयीने ताठ उभी राहिली. वाणी बिचारा समजूतदार. तो वाकून हळूच म्हणाला, "साहेब, मागच्या अंगणात आहे. किल्ली देऊ?" मापसाहेबांनी त्या दिवशी त्याचा काटा जरा जास्तच कसोशीने तपासला. काटा अगदी बरोबर निघाला, याचं त्यांना वाईट वाटलं.

आणि एका दुपारी त्यांना वाट सापडली. गाणं अर्धा सूर खाली आणलं तर पहिल्या पडद्यावरचं बोट लागतच नव्हतं! तार मोकळीच वाजवायची, आणि करंगळीला हवं तिथे हिंडायला हात रिकामा. सूर सगळेच्या सगळे, एकही गाळलेला नाही. म्हणजे माप पुरं, फक्त दुकान शेजारच्या गाळ्यात हलवलं. मापसाहेबांच्या तत्त्वाला धक्का नाही. त्यांना इतका आनंद झाला की ते बायकोला 'चहा टाक' म्हणायचं सोडून स्वतःच चहा टाकायला गेले.

पुढच्या तालमीत त्यांनी सहज बोलावं तसं म्हटलं, "मी काय म्हणतो, पट्टी अर्धा सूर उतरवू या."

"का बरं?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना सगळी बोटं नव्याने बसवावी लागणार होती.

आता इथे 'माझी करंगळी पोचत नाही' एवढं म्हणायचं होतं. पण सूर सगळे लागतील असं ज्या तोंडाने सांगितलं, त्याच तोंडाने हे कसं सांगायचं? कवायत मास्तर बघत होते. भिंतीवरचे किडके दात बघत होते. मापसाहेबांची नजर खोलीभर फिरली आणि बायकोवर येऊन थांबली.

"हिच्यासाठी," ते म्हणाले. "अंतऱ्यात वरचा सूर आहे ना, तिथे हिचा आवाज जरा ताणला जातो."

नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण नेहमी ऐकतो. पण ते अंगण बिचारं समोर उभं राहून आपल्याकडे बघतं, तेव्हा कसं वाटतं ते म्हणीत सांगितलेलं नाही. वहिनी बघत होत्या. रागावल्या नव्हत्या. नुसत्या चकित झाल्या होत्या.

"अहो, ताणला जातो?" त्यांनी विचारलं. "मला कधी जाणवलं नाही."

"थोडासाच गं. मी जवळ उभा असतो ना, म्हणून कळतं."

"मला तर काही ऐकू आलं नाही," मास्तर म्हणाले. पण ड्रम बडवताना मास्तरांना शाळेची घंटासुद्धा ऐकू आली नसती, तेव्हा त्यांची साक्ष कुणी धरली नाही. डॉक्टरांनी मात्र डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "हां, आता तू म्हणतोयस तर... किंचित." आणि मापसाहेबांच्या लक्षात आलं, की आपण खोटं बोललो आणि त्याला साक्षीदारही मिळाला. पट्टी उतरली. सुरुवात झकास वाजली. डॉक्टरांनी पाठ थोपटली, तेव्हा मापसाहेबांना आपल्या पाठीची लाज वाटली. पण थोडीच, अजून कार्यक्रमाला वेळ होता.

आपला आवाज ताणला जातो, असं वहिनींनी जिन्यात सहज वरच्या काकूंना सांगितलं आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. या काकूंचा आवाज एवढा, की त्या फोनवर बोलत तेव्हा फोनची गरज नसे. दुसऱ्याच्या दुखण्यावर उपाय सांगणं हा त्यांचा जुना व्यवसाय. त्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. मग मध सांगितला. मग मध उष्ण पडेल म्हणून तो बंद करायला सांगितलं. तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी उशी न घेता झोपायला सांगितलं. त्यांच्या मते माणसाचा आवाज उशीनेच जातो. मापसाहेबांच्या बहिणीला कुठून कळलं देव जाणे, पण तिचा फोन आला. "वहिनीचा गळा नाजूकच आहे, मी तुमच्या लग्नातच म्हटलं होतं," असं ती म्हणाली. तिने तसं काही म्हटलं नव्हतं. लग्नात ती फक्त साडीबद्दल बोलली होती.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पुढेच झाली. वहिनी आता स्वतःचा आवाज ऐकत गाऊ लागल्या. आजवर त्यांनी कधी असं केलं नव्हतं. गाणं यायचं, त्या गायच्या. आता वरचा सूर जवळ आला की त्या आधीच बिचकत, आणि बिचकलेला आवाज खरोखरच कापे. त्या थांबत, गळ्यावर हात ठेवत आणि म्हणत, "बघा, तुम्ही म्हणता ते खरंच आहे." मापसाहेब म्हणत, "नाही गं, आत्ता छान लागला." त्यावर त्या हसून म्हणत, "राहू दे. उगाच बरं वाटावं म्हणून नका बोलू."

आणि एक दिवस त्यांनी डॉक्टरांना फोन करून सांगून टाकलं, की मी गात नाही. "माझ्यापायी तुम्हा सगळ्यांना पट्टी उतरवावी लागली. उद्या भर सभागृहात आवाज फाटला तर तुमचीही शोभा होईल."

त्याच वेळी मापसाहेबांनी खरं सांगायचं होतं. ते सांगणारही होते. पण मध्ये वाचनालयाचे चिटणीस आले. चिटणीस म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. खातं सुटलं, पण खाक्या सुटला नाही. ते म्हणाले, "गायिकेचं नाव कार्यकारिणीने मंजूर केलंय. ते बदलायचं तर सबळ कारण हवं. आजारपण असेल तर दाखला जोडा."

"अहो, घरचाच कार्यक्रम आहे," डॉक्टर म्हणाले. "मी देतो दाखला."

"तुम्ही दातांचे. कारण घशाचं आहे," चिटणीस म्हणाले.

म्हणून मापसाहेब बायकोला घेऊन घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्या डॉक्टरांनी कपाळावर दिवा लावला, वहिनींना 'आ' करायला लावलं, आरसा घातला, वळवला, काढला. "मला तर काही दिसत नाही," ते म्हणाले. "घसा अगदी निरोगी आहे. आवाज ताणला जातो असं कोण म्हणतं?"

"हे म्हणतात," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांनी दिवा तसाच कपाळावर ठेवून मापसाहेबांकडे बघितलं. दिव्याचा सगळा उजेड त्यांच्या तोंडावर पडला. "तुम्हाला स्पष्ट ऐकू येतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

आयुष्यभर ज्यांनी दुकानदारांना असंच उजेडात धरून विचारलं होतं, त्या मापसाहेबांना त्या क्षणी सगळ्या दुकानदारांची कीव आली. "हो," ते म्हणाले. म्हणजे त्यांना 'नाही' म्हणायचं होतं, पण तोंडातून 'हो' निघालं. डॉक्टरांनी मग आवाजाला विश्रांती, कमी बोलणं, गाणं बंद, असा दाखला दिला. नवरा म्हणतो म्हटल्यावर ते तरी काय करणार? मापसाहेबांची थाप आता शिक्क्यानिशी कायम झाली.

वहिनींच्या जागी कोण गाणार? वरच्या काकू एका पायावर तयार होत्या. त्या घशाचे उपाय सांगत होत्या तेव्हाच तयारी करत होत्या की काय, असा मास्तरांना संशय आला. पण काकूंची एक अट होती. "मी काही पट्टीबिट्टी उतरवून गाणार नाही," त्या म्हणाल्या. "माझा आवाज सणसणीत आहे. मूळ गाणं आहे तसंच होऊ दे."

म्हणजे एवढं सगळं करून गाणं परत होतं त्या पट्टीत गेलं, पहिलं बोट पहिल्या पडद्यावर आणि करंगळी तिथेच लोंबकळत. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणावं तर तेही खरं नाही. काहीच झालं नव्हतं. फक्त बायको गायची ती गायची बंद झाली होती. काकूंबरोबर एकच तालीम झाली. तीत काकू बेसच्या सुरुवातीसाठी थांबल्याच नाहीत, थेट गायला लागल्या, आणि त्या गायला लागल्यावर बेस वाजतोय की नाही हे खुद्द वाजवणाऱ्यालाही कळत नव्हतं. मापसाहेब वाचले. पण वाचल्याचं सुख काही वाटलं नाही.

कारण घर गप्प झालं होतं. वहिनी स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, दिवाणखाना झाडताना काही ना काही गुणगुणत. मापसाहेबांना पूर्वी ते ऐकूसुद्धा येत नसे, इतकं ते रोजचं होतं. आता भांडी ठेवल्याचा आवाज येई, नळाचा येई, आणि मध्ये नुसती शांतता. एकदा तवा घासता घासता वहिनींच्या तोंडून एक ओळ निघाली. अर्ध्यावर त्यांना आठवण झाली आणि त्यांनी गुन्हा केल्यासारखं ओठ मिटले. ते बघून मापसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी ते जेवणाच्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "मला तुला एक सांगायचंय. तुझ्या आवाजाला काहीही झालेलं नाही. माझी करंगळी आखूड आहे. मला ती सुरुवात वाजवता येत नव्हती, म्हणून पट्टी उतरवायची होती. मी तुझं नाव पुढे केलं. मी खोटं बोललो."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. मापसाहेबांनी मनाची तयारी केली. आता जे काही ऐकायचं ते ऐकायचं.

"किती चांगले आहात हो तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेता? म्हणे मी खोटं बोललो! तुम्ही? सख्ख्या मावसभावाला दंड करणारे?" त्यांनी पदराने डोळे पुसले. "आणि डॉक्टरांसमोर तुम्हीच ना सांगितलंत, स्पष्ट ऐकू येतं म्हणून? डॉक्टरांशी कुणी खोटं बोलतं का?"

मापसाहेबांनी शपथ घेतली. वहिनी आणखी रडल्या. मग मापसाहेबांनी करंगळी पुढे करून दाखवली. वहिनींनी ती प्रेमाने हातात घेतली आणि म्हणाल्या, "चांगली तर आहे." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते वेगळं, इथे हात दाखवून लक्षणच चांगलं निघालं, आणि तेच नको होतं.

सकाळपर्यंत ही गोष्ट काकूंकडे आणि दुपारपर्यंत वसाहतभर गेली. जिन्यात पोस्टमास्तरांनी मापसाहेबांचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. काकू म्हणाल्या, "नवरा असावा तर असा! आमच्याकडे आमटी बिघडली तर माझं नाव, तेल संपलं म्हणून भाजी करपली तर माझं नाव." मापसाहेब दवाखान्यात गेले आणि दातवाल्या डॉक्टरांना त्यांनी एकट्यात गाठून सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला. "कळलं रे," ते म्हणाले. "आमच्यापुढे तरी कशाला नाटक? पण मोठा माणूस आहेस." आजवर मापसाहेबांनी कमावलेला सगळा खरेपणा असा एकजुटीने त्यांच्यावर उलटला. खोटं बोलायला त्यांना एक वाक्य पुरलं होतं. खरं सांगायला जन्म पुरेल असं दिसेना.

तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच उपाय आला. कार्यक्रमात ती सुरुवात सगळ्यांसमोर वाजवायची, मूळ पट्टीत, आणि सपशेल आपटायचं. हजार माणसांनी डोळ्यांनी पाहिलं की वहिनींनाही कळेल. अब्रू जाईल. जाऊ दे. ती तशीही चुकून दुसऱ्याची घरी आल्यासारखी वाटत होती.

सभागृह भरलं. नव्या रंगाचा वास, नव्या खुर्च्यांची करकर. वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून गळ्याभोवती रुमाल. चिटणिसांनी भाषण केलं, पाहुण्यांनी केलं, चिटणिसांनी पाहुण्यांच्या भाषणाबद्दल पुन्हा केलं. काकूंना या वेळी नीट बजावलं होतं, की बेस संपेपर्यंत गायचं नाही. दिवे मंद झाले. मास्तरांनी काठ्या आपटून ताल दिला, डॉक्टर गप्प उभे राहिले, आणि मापसाहेबांनी पहिलं बोट पहिल्या पडद्यावर ठेवलं. त्यांना भीती वाटत नव्हती. आपटायचंच म्हटल्यावर भीती कशाची? त्यांनी हात सैल सोडला आणि करंगळी पाचव्या पडद्याच्या दिशेने भिरकावून दिली.

ती पोचली.

मापसाहेबांना वाटलं, चुकून पोचली असेल. पण पुढच्या वेळीही पोचली. दुडक्या चालीने सूर वर गेले, गिरकी घेतली, खाली आले. एकही गळला नाही, एकही ओरडला नाही. इतक्या दिवसांच्या सरावाने बोटांना सगळं आलेलं होतं. अडवून धरलं होतं ते साहेबांच्या घाबरण्याने, आणि ते तर आज घरीच राहिलं होतं. मापसाहेब चुकायचा विचार करेपर्यंत सुरुवात संपलीसुद्धा. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की काकूंना गायला थांबावं लागलं, आणि त्यांना ते आवडलं नाही. तिसऱ्या रांगेत वहिनी टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता, आणि त्याच्या मागे एक समजूत पक्की होताना मापसाहेबांना स्टेजवरून स्पष्ट दिसली: म्हणजे यांना येत होतं. म्हणजे माझाच आवाज.

आभार मानताना चिटणीस म्हणाले, की मापसाहेबांसारखा कलावंत आणि पती दुर्मीळ. मापसाहेबांना त्या नव्या फरशीत कुठे तडा असेल तर आत शिरावंसं वाटलं. फरशी नवीनच होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी उन्हं दिवाणखान्यात आली होती. वहिनी धुतलेले कपडे घडी करता करता म्हणाल्या, "अहो, कालचं ते सुरुवातीचं परत वाजवा ना. मी आजवर नीट ऐकलंच नव्हतं. माझं आपलं नेहमी स्वतःचा सूर कधी येतो याकडेच लक्ष."

आता मापसाहेबांनी काय करायला हवं होतं ते तुम्हाला आम्हाला कळतं. पण वीस-बावीस वर्षांच्या संसारात बायकोने 'वाजवा ना' असं पहिल्यांदा म्हटलं होतं. करंगळी, खोटं, पश्चात्ताप, सगळं ते क्षणभर साफ विसरले. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे: त्यांना तिच्या तोंडून 'वा' ऐकायचं होतं. त्यांनी गिटार उचलली, बैठक जमवली, डोळे अर्धवट मिटले आणि अगदी मनापासून सुरुवात केली.

तार ओरडली.

"हात गार आहे," ते म्हणाले. पुन्हा सुरुवात केली. करंगळी चौथ्याच्या अलीकडेच थांबली. "आधी बोटं मोकळी करावी लागतात," ते म्हणाले. तिसऱ्यांदा पहिलं बोट सुटलं. मग त्यांना घाम आला, मग आणखी चुकलं, मग ते चुकतच गेले. वहिनींच्या हातातली घडी तशीच राहिली. त्या उठल्या आणि जवळ येऊन त्यांच्या डाव्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या.

"उतरवलेल्या पट्टीत वाजवा," त्या म्हणाल्या.

मापसाहेबांनी वाजवलं. मोकळी तार, हात रिकामा. सगळं सरळ आलं.

"आता वर."

तार ओरडली.

"खाली."

सरळ आलं.

"वर."

पुन्हा ओरडली. मापसाहेबांना मान वर करून बघायचा धीर होईना. वहिनी खिडकीपाशी गेल्या, आणि पाठमोऱ्या उभ्या राहून अंतऱ्याची ओळ गाऊ लागल्या, मूळ पट्टीत. वरचा सूर जवळ आला तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. मापसाहेबांनीही श्वास धरला. मग तो सूर आला. स्वच्छ, भरलेला, कुठेही न कापणारा, आणि वहिनींनी तो हवा तेवढा वेळ धरून ठेवला. खालच्या रस्त्यावर सायकल पुसणारे पोस्टमास्तर वर बघू लागले.

त्या वळल्या. डोळे कोरडे होते.

"म्हणजे इतके दिवस मी तोंड मिटून बसले," त्या म्हणाल्या, "ते तुमच्या करंगळीसाठी?"

मापसाहेबांनी मान हलवली. करंगळी त्यांनी मुठीत लपवली होती.

"मला वाटायला लागलं होतं, की माझं गाणं संपलं," वहिनी म्हणाल्या. "तवा घासतानासुद्धा मी घाबरत होते. कळतंय तुम्हाला?"

"कळतंय."

"नाही कळत. पण कळेल." त्यांनी गळ्यातला रुमाल, हातातली घडी, सगळं खुर्चीवर टाकलं. "उठा. आधी काकूंकडे जा. मग पोस्टमास्तर. मग तुमचे डॉक्टर, मास्तर आणि ते चिटणीस. सगळ्यांना सांगा, की हिचा आवाज चांगला होता आणि मला वाजवता येत नव्हतं."

"अगं, पण मी सांगितलं की त्यांना! कुणी विश्वास ठेवत नाही. उलट पाया पडायचे बाकी राहतात."

"म्हणून गिटार घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. "प्रत्येकाच्या घरी वाजवून दाखवा."

मापसाहेब गिटार खांद्याला लावून निघाले. जिन्यात त्यांना गाणं ऐकून वर आलेले पोस्टमास्तर भेटले आणि कौतुकाने बाजूला झाले. मागे, उघड्या दारातून, वहिनी गात असल्याचा आवाज येत होता, आणि त्या अजिबात हळू गात नव्हत्या. मापसाहेब वरच्या मजल्यावर पोचले. काकूंच्या दारापाशी त्यांनी पहिलं बोट पहिल्या पडद्यावर ठेवून पाहिलं आणि करंगळी जरा ताणून पाहिली. ती आत्ता अगदी सहज पोचत होती.

"देवा," ते पुटपुटले, "एवढ्या वेळी चुकू दे," आणि त्यांनी घंटा दाबली.